काजूवरचं सिंबिडियम हायब्रीड आहे का, आणि असलं तर त्याला नाव कसं देतात

प्रश्न असा आहे: गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे काजूचं भाट म्हणजे बाग आहे, एप्रिलात बोंडू म्हणजे काजूची फळं गोळा करताना एका जुन्या काजूच्या फांदीवर लोंबणारं सिंबिडियम, म्हणजे झाडावर वाढणारं एक ऑर्किड, फुललेलं दिसलं, फुलाच्या लिपवर, म्हणजे बाकीच्यांहून वेगळ्या दिसणाऱ्या पाकळीवर, मागच्या अर्ध्यात पट्टे आणि पुढच्या अर्ध्यात ठिपके. नेटवर बघितलं तर पट्टेवालं सिंबिडियम आलोइफोलियम आणि ठिपकेवालं सिंबिडियम बायकलर, म्हणजे हे दोघांचं हायब्रीड असणार, आणि तसं असेल तर ते सिद्ध कसं करतात, आणि त्याला आपल्या गावाचं नाव देता येईल का. बायकलर आमच्या बाजूला मी अजून बघितलं नाही, पण म्हादई अभयारण्याच्या हद्दीत पण असंच काहीतरी दिसलं. सोबत फोटो जोडलेत.

आधी उत्तर देऊन टाकतो. फोटोंवरून मला तरी ते साधं आलोइफोलियमच वाटतंय. हायब्रीड असूच शकत नाही असं म्हणत नाहीये, दोन्ही जाती आपल्याकडे आहेत, दोन्ही मार्च ते मे च्या सुमाराला फुलतात, त्यामुळे शंका येणं चुकीचं नाही. पण या फोटोंच्या जोरावर हायब्रीड म्हणता येणार नाही, आणि गावाचं नाव तर लांबच राहिलं. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

तुमचे फोटो मी मोठे करून बघितले. तुमच्या झाडाचा तुरा खाली लोंबतोय. सिंबिडियमच्या तुऱ्यावर फुलं बुडापासून टोकाकडे उमलत जातात, आणि तुरा लोंबता असल्यामुळे बुड वर असतं आणि टोक खाली. म्हणजे वरची फुलं जुनी, खालची ताजी. बहुतेक लोक उलटं धरतात. तुम्ही ज्या फुलाचा क्लोजअप काढलाय ते सगळ्यात वरचं, म्हणजे त्या तुऱ्यातलं म्हातारं फूल आहे. आता त्याच फुलाच्या कॉलमच्या टोकाकडे बघा, म्हणजे मधला जो वाकलेला दांडा आहे त्याचं टोक, तिथे एक छोटी पिवळसर टोपी असते, अँथर कॅप म्हणतात तिला, तिच्या खाली पॉलिनिया म्हणजे परागाचे दोन गोळे. तुमच्या फोटोत ती टोपी नाहीच आहे. कुठलातरी कीटक येऊन पॉलिनिया घेऊन गेलाय. आणि सिंबिडियममध्ये पॉलिनिया गेले किंवा परागण झालं की लिपचा रंग बदलायला लागतो, लालसर गुलाबी छटा पसरते, हा इथिलीनचा परिणाम आहे, बागेतल्या सिंबिडियमवर यावर भरपूर काम झालंय. तो रंग पसरला की पट्ट्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, कुठे पट्टा संपतो आणि कुठे डाग सुरू होतो कळत नाही. त्याच तुऱ्याच्या खालच्या टोकाला जी दोन फुलं आहेत, फोटोत थोडी ब्लर आहेत, त्यांच्या लिपवर मला तरी सरळ पट्टेच दिसतायत, पुढच्या टोकाकडे थोडे तुटलेले. पट्टे टोकाकडे तुटक होणं हे आलोइफोलियममध्ये काही नवल नाही.

म्हणून पहिली गोष्ट, ताजं फूल बघायचं, टोपी जागेवर असलेलं. आणि एक नाही, तुऱ्यावरची तीन-चार, मग त्याच भाटातल्या दुसऱ्या झाडांवरची. हायब्रीड शोधायला निघालेला माणूस नेमकं हे करत नाही, तो त्या एकाच वेगळ्या फुलाला चिकटून बसतो. खरं काम उलट्या बाजूने आहे, आधी साध्या जाती किती वेगवेगळ्या दिसू शकतात ते डोळ्यात भरून घ्यायचं. एका भाटातली आलोइफोलियमची दहा-पंधरा झाडं ओळीने बघितलीत ना, की कोणाची लिप फिकट, कोणाची गडद, कोणाचे पट्टे जाड, कोणाचे बारीक तुटक, सगळं दिसेल. मग ते "वेगळं" झाड त्या रांगेत कुठेतरी गुपचूप बसून जातं बहुतेक वेळा.

रंग हा सगळ्यात कच्चा पुरावा, हे कुठल्याही ऑर्किडच्या बाबतीत लक्षात ठेवा. रास्ना म्हणतो ती व्हांडा टेसेलाटा घ्या, तिची फुलं कुठे हिरवट पिवळी, कुठे तपकिरी जाळीदार, कुठे लिप निळी, कुठे जांभळट, आणि सगळी एकाच जातीची. सीतेची वेणी म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा कधीतरी पूर्ण पांढरी मिळते, एकही ठिपका नाही, लोक लगेच म्हणतात हे वेगळंच काहीतरी, पण ते फक्त रंगद्रव्य नसलेलं झाड. आणखी एक प्रकार असतो, पाकळ्याच लिपसारख्या होतात, फूल गोल आणि विचित्र दिसायला लागतं, त्याला पेलोरिक म्हणतात, ते विकृतीतून येतं, संकरातून नाही.

मग बघायचं काय. या दोन सिंबिडियममध्ये पट्टे आणि ठिपके सोडून आणखी गोष्टी आहेत. बायकलरची लिप बुडाशी थोडी पिशवीसारखी फुगलेली असते, ते समोरून कळतच नाही, फूल बाजूने बघावं लागतं, शक्य असेल तर एक फूल उभं चिरून. तुमच्या फोटोंत एकही बाजूने काढलेला नाही. पानांची रुंदी आणि जाडी, पानाचं टोक कसं आहे, लिपवरच्या दोन कडा म्हणजे कॅलसचे उंचवटे कसे जातात, तुऱ्याची लांबी आणि फुलांमधलं अंतर, हे सगळं मोजायचं. व्हर्नियर कॅलिपर दोन-तीनशे रुपयांत मिळतो प्लास्टिकचा, तो खिशात ठेवा. आणि मोजताना एक पथ्य पाळा, एकाच गोष्टीत झाड मधलं असेल तर तो फरक समजायचा, पण एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच गोष्टीत ते दोन जातींच्या मधे पडत असेल, म्हणजे लिपच्या खुणा मधल्या, पिशवी अर्धवट, पान मधलं, तुरा मधला, तेव्हा मग शंका घ्यायला जागा आहे. पहिल्या पिढीचं हायब्रीड सहसा असं बऱ्याच बाबतीत मधे पडतं. सगळ्याच बाबतीत नाही, काही गुण एका पालकाकडे झुकतात, म्हणून तर चार-पाच गुण लागतात.

पानांच्या बाबतीत मात्र सांभाळा. काजूवर ऊन जास्त मिळतं, तीच जात दाट आंब्यावर किंवा कुळागरातल्या म्हणजे माडा-पोफळीच्या बागेतल्या सावलीत असेल तर पानं लांब, हिरवीगार आणि पातळ, उघड्यावर असेल तर आखूड, जाड, पिवळट. आपल्याकडे बरेच जण मानतात की ज्या झाडावर ऑर्किड वाढतं त्याचा गुण त्यात उतरतो, काजूवरचं वेगळं, किंदळावरचं वेगळं. तसं काही नाही. ऑर्किड म्हणजे बांडगूळ नव्हे, ते झाडाच्या आत मुळं घुसवत नाही, फक्त सालीवर बसतं, जे काही मिळवायचं ते पावसातून, हवेतून आणि सालीवर साठलेल्या कचऱ्यातून. फरक पडतो तो उजेडाचा आणि ओलाव्याचा. म्हणून तुलना करायची तर सारख्या उजेडातल्या झाडांची करा.

आता दुसरी मोठी गोष्ट, आई-बाप. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे की "बायकलर आमच्या बाजूला मी अजून बघितलं नाही". भाऊ, मग तिथेच गाडी अडली. हायब्रीड म्हणायचं तर दोन्ही पालक जवळपास हवेत, किंवा निदान आधी होते याचा काही पुरावा हवा. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, एका शेंगेत लाखांनी, वाऱ्याने लांब जाऊ शकतं हे खरं, पण पॉलिनिया वाऱ्याने जात नाहीत, ते कीटकाच्या अंगाला चिकटून जातात आणि कीटकाची धाव बेताची असते. म्हणजे दोन जाती कीटकाच्या टप्प्यात पाहिजेत, त्यांची फुलं एकाच वेळी उघडी पाहिजेत, एकच कीटक दोन्हीकडे जाणारा पाहिजे, पॉलिनिया त्याच्या अंगावर अशा जागी चिकटले पाहिजेत की दुसऱ्या जातीच्या कॉलमवर बरोबर ती जागा टेकेल. एवढं सगळं जुळलं तरी बी धरेलच असं नाही, धरलं तर त्यात गर्भ असेलच असं नाही, गर्भ असला तर त्या सालीवर त्याला लागणारी बुरशी भेटली पाहिजे, कारण ऑर्किडच्या बियात स्वतःची शिदोरी जवळपास नसतेच, आणि मग फुलावर यायला वर्षं जातात. यात कुठेही साखळी तुटली की संपलं. रानात हायब्रीड दुर्मिळ का ते यावरून कळेल.

युरोपात मात्र लोकांना रानटी ऑर्किडची हायब्रीडं बऱ्यापैकी सापडतात, तिथल्या फोटोंमुळेच आपल्याकडच्या पोरांना वाटतं की कुठेही दोन जाती जवळ दिसल्या की मधलं असणारच. तिकडे डॅक्टिलोऱ्हायझा नावाचं कुरणातलं ऑर्किड आहे, त्याच्या जाती एकमेकांत इतक्या मिसळतात की काही ठिकाणी अख्ख्या कुरणात शुद्ध झाड कुठलं ते सांगणं कठीण. ऑफ्रिसची गोष्ट वेगळी, त्याचं फूल मादी कीटकासारखं दिसतं आणि तसाच वास सोडतं, नर फसून येतो, प्रत्येक जातीचा नर बहुतेक वेगळा, त्यामुळे संकराला अडसर आहे तो परागणाच्या आधीचा. पण चुकून एखादा नर दुसरीकडे गेला तर बी सहज धरतं, नंतरचा अडसर कमी. जी ऑर्किडं नुसतं खाण्याचं आमिष दाखवून फसवतात त्यांच्यात उलट, कुठलाही कीटक कुठेही जातो, परागण होतं, पण क्रोमोसोम न जुळल्यामुळे पुढे गाडी चालत नाही. म्हणजे कुठल्या गटात हायब्रीड मिळायची शक्यता किती हे त्या गटाचं परागण कसं चालतं त्यावर आहे, दोन जाती शेजारी असण्यावर नुसतं नाही. आणि तिथे पिढ्यानपिढ्या तेच कुरण दर उन्हाळ्यात मोजणारे लोक आहेत, आपल्याकडे असं मोजून ठेवलेलं फार थोडं.

आपल्याकडे शंका घ्यायला योग्य जोड्या कुठल्या असं विचाराल तर मी सिंबिडियमच्या या जोडीबरोबर आणखी दोन सांगेन. एक डेंड्रोबियम बार्बाट्युलम आणि डेंड्रोबियम ओव्हेटम. थंडी सरता सरता पानं गळून नुसत्या काड्या राहतात आणि त्यावर पांढरी फुलं येतात ती ही. बार्बाट्युलमची फुलं मोठी आणि पांढरी, ओव्हेटमची लहान, दुधाळ पिवळसर, लिपच्या बुडाशी हिरवट झाक. ओव्हेटम सहसा आधी सुरू होतं, पण वेळा एकमेकांवर चढतात. फूल शिळं झालं की पांढरं पिवळट दिसायला लागतं, मग बार्बाट्युलमचं शिळं फूल लोकांना "मधलं" वाटतं. इथेही ताजं फूल, आणि मोजमाप. दुसरी जोडी एरिडिस क्रिस्पा आणि एरिडिस मॅक्युलोसा, पावसाच्या तोंडावर फुलणारी, एकीच्या लिपची कड दातेरी झालरीसारखी, दुसरीच्या पाकळ्यांवर जांभळे ठिपके, तिथे लिपच्या मधल्या भागाचा आकार आणि मागचा स्पर म्हणजे शिंगासारखा पोकळ भाग बघायचा. मोले, अनमोडच्या बाजूला जून महिन्यात जायचं म्हणजे जळवांची तयारी ठेवून जा, आणि फोटो काढताना छत्री फुलावर धरायला कोणीतरी सोबत पाहिजेच, भिजलेल्या फुलाचे रंग फोटोत खोटे येतात.

उलट काही दावे ऐकले की हसू येतं. डेंड्रोबियम आणि सिंबिडियमचं हायब्रीड, असं कोणी सांगितलं तर तिथून निघून जा. डेंड्रोबियमला चार पॉलिनिया उघडे, सिंबिडियमला दोन आणि त्यांना चिकट गादी, नात्यानेच इतके लांब की बी धरण्याचा प्रश्न नाही. व्हांडा, एरिडिस, ऱ्हिंकोस्टायलिस, ल्युइसिया हे मात्र जवळचे गोतावळ्यातले, नर्सरीवाले त्यांच्यात सर्रास संकर करतात, एरिडिस आणि व्हांडाच्या संकराला एरिडोव्हांडा म्हणतात. नर्सरीत माणूस हाताने पॉलिनिया नेतो, रानातले सगळे अडसर तो एका टूथपिकने ओलांडतो, म्हणून नर्सरीत होतं ते रानात होईलच असं नाही.

यावरून आणखी एक शंका तुमच्या भाटाबद्दल. गोव्यात ही सवय फार आहे, रानातून ऑर्किड आणायचं आणि अंगणातल्या आंब्याला, नाहीतर कुळागरातल्या झाडाला बांधायचं. कधी नर्सरीतलं हायब्रीड आणून कुंडीत फुललं नाही म्हणून वैतागून झाडाला बांधून टाकायचं. दहा-पंधरा वर्षांनी बांधलेली सुतळी कुजून जाते आणि ते रानातलंच वाटतं. तुमच्या आधीच्या पिढीतल्या कोणी ते काजूवर बांधलं होतं का हे घरात विचारा, शेजारच्या भाटकारालाही विचारा. माणसाने दोन ठिकाणच्या जाती आणून शेजारी बांधल्या आणि मग कीटकाने संकर केला, तर त्याला नैसर्गिक म्हणायचं का यावर वाद होऊ शकतो, पण निदान ती माहिती लिहून तरी ठेवली पाहिजे. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल आहे ना, मिस जोआकिम, 1893 मध्ये जगासमोर आलं, ते बागेत आपोआप झालं की अ‍ॅग्नेस जोआकिम बाईंनी हाताने संकर करून घडवलं यावर शंभरेक वर्षं भांडण चाललं. त्या पेन्सिलसारख्या पानांच्या वेली आपल्याकडे पण परसांत, कुंपणावर दिसतात, आणि त्या कोणी रानात नेऊन टाकल्या तर त्याही कोणाला तरी "नवीन सापडलेलं" वाटतील.

आता नावाकडे येतो, कारण तुमचा खरा उत्साह तिथेच आहे असं दिसतंय, आणि त्यात गैर काही नाही.

रानात सापडलेल्या हायब्रीडचं नाव दोन तऱ्हेने लिहितात. एक म्हणजे फॉर्म्युला, दोन्ही पालकांची नावं आणि मधे गुणाकाराची खूण: सिंबिडियम आलोइफोलियम × सिंबिडियम बायकलर. आई कोण ते माहीत नसेल तर नावं इंग्रजी अकारविल्हे लिहायची, म्हणून आलोइफोलियम आधी. आई माहीत असेल तर आई आधी लिहिता येते, पण मग तसं स्पष्ट सांगायचं. हा फॉर्म्युला कोणीही लिहू शकतो, त्याला कुठे छापून आणायला लागत नाही, कोणाची परवानगी नको, आणि शंका असेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाका, प्रामाणिक नोंद झाली. माझ्या मते तुमच्यासारख्या बहुतेक केसमध्ये हेच पुरेसं आहे आणि हेच चांगलं आहे, कारण फॉर्म्युला वाचणाऱ्याला लगेच कळतं की तुम्ही काय म्हणताय, गावाचं नाव वाचून काही कळत नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे स्वतंत्र नाव, जसं फॅलेनॉप्सिस × इंटरमीडिया. खूण जातीच्या नावाच्या आधी येते. असं नाव द्यायचं तर नियम साध्या जातीला लागतात तेच सगळे: टाइप नमुना म्हणजे ज्यावर ते नाव आधारलेलं असतं तो नमुना हवा, तो कुठल्या हर्बेरियममध्ये म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात ठेवलाय ते लिहायला हवं, लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन किंवा डायग्नोसिस हवं, इंग्रजी 2012 पासून चालतं, आणि ते नीट प्रकाशनात यायला हवं, छापील किंवा आयएसएसएन नाहीतर आयएसबीएन असलेल्या पीडीएफ स्वरूपात. फेसबुकवर फोटो टाकून खाली नाव लिहिलं, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी अभिनंदन केलं, वर्तमानपत्रात बातमी आली, यातल्या कशानेही नाव वैध होत नाही. आणि त्यातही एक मेख आहे. दोन जातींच्या संकराला एकच बरोबर नाव असू शकतं, आई कोण बाप कोण अदलाबदल झाली तरी तेच, पहिल्या पिढीचं असो की परत एखाद्या पालकाशी संकर होऊन आलेलं असो, सगळी त्याच नावाखाली. म्हणजे तुमच्या आधी कोणी कुठेही, अगदी दुसऱ्या देशात सापडलेल्या झाडावरून, याच जोडीला नाव देऊन ठेवलं असेल तर तुमचं नाव बाद, मग तुमचं झाड कितीही देखणं असो. म्हणून आधी आयपीएनआय ही वनस्पतींच्या नावांची जागतिक सूची आणि लंडनच्या क्यू उद्यानाची यादी दोन्हीकडे शोधायचं असतं.

नाव टाइप नमुन्याला चिकटतं हेही लक्षात घ्या. उद्या कळलं की तुमचं हायब्रीड मुळात हायब्रीड नाहीच, शुद्ध जात आहे, तर खूण काढतात आणि नाव तसंच राहतं. उलटंही होतं. या सिंबिडियमच्याच बाबतीत नावांचा इतिहास गोंधळाचा आहे, लिनियसने 1753 मध्ये आलोइफोलियम हे नाव दिलं ते एपिडेंड्रमखाली, स्वार्ट्झने 1799 मध्ये सिंबिडियममध्ये आणलं, बायकलर लिंडलीने 1833 मध्ये दिलं, आणि मधल्या काळात जुन्या यादीत, जुन्या नमुन्यांवर या दोघांची नावं एकमेकांना लावलेली सापडतात. जुन्या यादीत एका गावाहून बायकलरची नोंद आहे म्हणून ते तिथे होतंच असं धरू नका, नमुना जाऊन बघावा लागतो.

नर्सरीतल्या हायब्रीडची पद्धत निराळी, ती लोक इथे मिसळतात. माणसाने केलेल्या संकराचं नाव लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे नोंदवतात, आधी हे काम सँडर नावाचं इंग्लंडातलं नर्सरीचं घराणं करायचं, 1961 पासून सोसायटीकडे आलं. त्या नावाला ग्रेक्स म्हणतात, त्यात गुणाकाराची खूण नसते, प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो आणि तिरका लिहीत नाहीत. मिस जोआकिम हे त्यातलंच. हे नाव पण टिकतंच असं नाही, वंशाचा भाग बदलू शकतो, मिस जोआकिम आधी व्हांडा होती आता पॅपिलिओनँथे आहे, अ‍ॅस्कोसेंट्रम वंश व्हांडात विलीन झाल्यावर अ‍ॅस्कोसेंडा म्हणून विकली जाणारी झाडं नावाने व्हांडाच झाली. नर्सरीवाल्यांचे लेबल बदलून बदलून हाल झाले.

सिद्ध कसं करतात ते विचारलंय म्हणून. फॅलेनॉप्सिस × इंटरमीडियाची गोष्ट यात सगळ्यात सुंदर आहे. फिलिपीन्समधून आलेलं झाड, लिंडलीने 1853 मध्ये लिहिलं आणि तेव्हाच हायब्रीड असावं असा संशय घेतला. मग इंग्लंडमध्ये व्हीच यांच्या नर्सरीत त्याचे संशयित पालक, अ‍ॅफ्रोडाइट आणि एक्वेस्ट्रिस, यांचा हाताने संकर केला, 1886 मध्ये ती रोपं फुलली आणि रानातल्या झाडाशी जुळली. डीएनए वगैरे कोणाला माहीत नसतानाची ही गोष्ट. आजही हा पुरावा भक्कम मानतात, आणि 1922 मध्ये नडसनने बुरशीशिवाय साखरेच्या माध्यमावर ऑर्किडचं बी उगवून दाखवल्यापासून ते करणं सोपं झालंय, फक्त धीर लागतो.

आता डीएनएने बघतात. केंद्रकातला आयटीएस नावाचा भाग वाचला तर पहिल्या पिढीच्या हायब्रीडमध्ये दोन्ही पालकांचे क्रम एकत्र दिसतात, ज्या जागी दोन जातीत फरक आहे तिथे ग्राफवर एकाच जागी दोन शिखरं येतात. आणि क्लोरोप्लास्टचा भाग वाचला की तो जवळपास आईकडूनच येतो, म्हणजे आई कोण ते कळतं. यासाठी पानाचा नखाएवढा तुकडा सिलिका जेलमध्ये वाळवून ठेवला तरी पुरतो. पण दोन्ही शुद्ध पालकांचेही नमुने हवेत, नाहीतर तुलना कशाशी करणार. ताळगावला गोवा विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात विचारून बघा, पुण्याला बीएसआयचं म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, मुंबईत झेवियर्सला ब्लॅटर हर्बेरियम आहे, जुने नमुने बघायचे तर या जागा.

मायक्रोस्कोप मिळाला, शाळेच्या लॅबमधला असला तरी चालेल, तर एक स्वस्त परीक्षा घरीच करता येते. त्या झाडाची शेंग पिकून फुटायला लागली की चिमूटभर बी काचेवर घ्या. चांगल्या बियात मधे गडद गर्भ दिसतो, पोकळ बियात नुसती जाळीदार पिशवी. शेजारच्या शुद्ध झाडाच्या बियाशी तुलना करा. त्या संशयित झाडाचं बहुतेक बी पोकळ असेल तर शंका बळावते. पक्का पुरावा नव्हे हा, कारण स्वतःच्याच परागाने धरलेली शेंगही पोकळ निघू शकते, आणि उलट काही हायब्रीडं चांगली बी धरतात, पण एवढ्या स्वस्तात याहून जास्त काही मिळत नाही.

झाड तुमच्या भाटात आहे, त्यामुळे एक-दोन फुलं काढायला अडचण नाही. पण तुम्ही म्हणताय की म्हादई अभयारण्याच्या हद्दीत पण असंच काहीतरी दिसलं, तिथे मात्र फूलसुद्धा तोडू नका, वनखात्याची लेखी परवानगी लागते, 1972 चा वन्यजीव कायदा आहे. सगळी ऑर्किडं साइट्स या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात, नमुना बाहेरच्या देशात पाठवायचा विचार कोणी सुचवला तर कागदपत्रांशिवाय हात लावू नका. आणि फोटो टाकताना जागा नेमकी लिहू नका, जीपीएस बंद करा किंवा फक्त तालुका लिहा. "दुर्मिळ हायब्रीड सत्तरीत" अशी बातमी झाली की दुसऱ्या आठवड्यात फांदीसकट नेणारे येतात.

तर आता तुम्ही काय करायचं. तुऱ्याला अजून ताजी कळी राहिली असेल तर ती उमलल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोटो काढा, सकाळचा उजेड, ऊन थेट नको. समोरून एक, बाजूने एक, आणि एक फूल काढून लिप पाकळ्यांपासून सुटी करून कागदावर सपाट ठेवून, बाजूला पट्टी. ते फूल मग स्पिरीटमध्ये छोट्या बाटलीत ठेवा, बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका, तारीख, तालुका, कुठल्या झाडावर, किती उंचीवर. पेनची शाई विरघळते. पानाच्या टोकाचा आणि सगळ्यात रुंद जागेचा फोटो. त्याच भाटात आणि वाटेतल्या दुसऱ्या काजूंवर जेवढी सिंबिडियम फुललेली दिसतील त्यांच्या लिपचा एक-एक फोटो, साधी वाटली तरी, उलट साधी वाटली म्हणूनच. यात गावातल्या म्हाताऱ्या माणसांची मदत घ्या, चवथीला गणपतीच्या वर रानातल्या फळाफुलांची बांधतात त्या माटोळीसाठी वर्षानुवर्षं रान धुंडाळणाऱ्यांना कुठल्या फांदीवर काय लोंबतंय ते आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, ठिपकेवालं सिंबिडियम जवळपास असेल तर तेच दाखवतील.

या वर्षी कळ्या संपल्या असतील तर पुढच्या मार्चपर्यंत थांबा, झाड कुठे जात नाही, फक्त काजूची छाटणी करायला माणूस लावाल तेव्हा त्याला ती फांदी दाखवून ठेवा. शेंगा धरल्या असतील तर तोडू नका, फुटायला लागल्या की बी तपासा आणि बाजूने काढलेला लिपचा फोटो मिळाला की मला पाठवा, पिशवी आहे की नाही तेवढं तरी त्यावरून सांगता येईल.